खारोबाचं काय झालं

लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर निदान लष्कर तरी डोळ्यांना दिसावं. दीपमालाचं लष्कर सगळं मोबाइलात होतं आणि भाकरी जाड झाली की पातळ यावरून दिवसभर एकमेकांच्या झिंज्या उपटत होतं.

मलकापुरात स्टेशनच्या रस्त्यावर एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. सकाळपासून माणसं काउंटरवर वाकून विचारायची, "ताई, काय निघालं?" संध्याकाळी घरी येऊन चहा टाकावा, तर मोबाइल विचारायचा, "ताई, काय ठरलं?" लॅबमध्ये निदान मशीन सांगायचं. इथे सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर. चाळिशी उलटलेली, डोळे दुखायचे, आणि ही बाई मुळात नसलेल्याच माणसांच्या सोयरिकी कोणत्या खऱ्या आणि कोणत्या खोट्या हे ठरवत बसलेली.

त्याचं असं झालं. लोणारला हिंमतराव नावाचे एसटीचे कंडक्टर होते. त्यांनी बुलढाण्याच्या एका साप्ताहिकात 'तळातलं गाव' नावाची कथामाला लिहिली. लोणारच्या खाऱ्या तळ्याखाली एक गाव आहे, वरच्या जगाला विटलेली माणसं तिथे राहायला जातात, आणि खारोबा नावाचा नावाडी त्यांना तळ्याच्या मध्यापर्यंत नेऊन सोडतो. तिथून माणूस खाली उतरतो. खारोबा मात्र दर वेळी रिकामी होडी घेऊन काठावर परत. त्या गोष्टीने लोकांना वेड लावलं होतं. आणि एका अंकात खारोबाच्या होडीला भर तळ्यात भोक पडलं, पाणी आत यायला लागलं, खाली 'पुढील अंकी' छापलं, आणि साप्ताहिकच बंद पडलं. पुढचा अंक काही आला नाही.

वाचक वर्षानुवर्षं तसेच लटकलेले. मग मोबाइल आले. कुणीतरी जुन्या कात्रणांचे फोटो टाकले, 'तळातली मंडळी' नावाचा ग्रुप झाला, आणि लोक आपापल्या मनाने पुढच्या गोष्टी लिहायला लागले. हौसेला मोल नसतं, तसा लगामही नसतो. एकाने खारोबाचं लग्न लावून दिलं, दुसऱ्याने त्याला जन्मापासूनच भूत केलं, तिसऱ्याने तळ्याखालच्या गावात सरपंचाची निवडणूक घेतली. कशाचा कशाला मेळ नाही. तेव्हा जळगाव जामोदचे उत्तमराव, कापसाचे जुने अडते, यांनी बाजाराची रीत आणली. आधीच्या सगळ्याशी जुळते ती गोष्ट पक्की, बाकीच्या कच्च्या. कच्ची वाचायला हरकत नाही, पण तिच्यावर पुढची गोष्ट रचायची नाही. हिंमतरावांनी लिहिलेलं आणि बोललेलं आपोआप पक्कं. कुणी दुसऱ्याचं ढापून आपल्या नावावर टाकलं, तर त्या नावाचं सगळं लिखाण पुसायचं आणि नावही काढून टाकायचं. हे पाहायला एक पंच नेमायचा. पंचाने स्वतः लिहायचं नाही, कारण पंचच बॅट घेऊन उभा राहिला तर त्याला आउट कोण देणार?

पंच म्हणून दीपमाला नेमली गेली. तिला सगळी कात्रणं तोंडपाठ होती आणि तिने कधी एक ओळही लिहिलेली नव्हती, आणि अजूनही लिहिलेली नाही असं सगळे समजत होते.

तर तिने लिहिली होती. एकच गोष्ट, पंच झाल्यावर, चोरून, 'टिटवी' या नावाने.

कात्रणं पाठ झाली ती तिच्या बाबांमुळे. बाबा भाजीचा धंदा करायचे. साप्ताहिक आलं की हातगाडी लावून आधी अंगणात बसायचे आणि खारोबाचा आवाज काढून गोष्ट वाचायचे. एका पावसाळ्यात नळगंगा नदीला पूर असताना त्यांनी फरशीच्या बुटक्या पुलावरून मोपेड घातली. मोपेड सापडली, बाबा सापडले नाहीत. बाभळीच्या मुळांत अडकलेली त्यांची डावी चप्पल तेवढी मिळाली. लोक येऊन आईला सांगत, एकटा जीव, हाका मारल्या असतील, कोण ऐकणार? दीपमालाच्या कानातून ते वाक्य कधी गेलं नाही.

टिटवीच्या गोष्टीत खारोबाची होडी बुडते. तो पाणी उपसत नाही, हात जोडून बसतो. खालच्या गावातल्या बाया वर पाहतात, तर त्यांच्या आभाळातून होडीचं बूड खाली येतंय. जन्मभर ज्यांना त्याने नेऊन सोडलं त्या सगळ्या धावत येतात, पदर पसरून उभ्या राहतात आणि त्याला अल्लद झेलतात. वर पाण्यावर एक डावी चप्पल तरंगत राहते. एवढीच गोष्ट. ती कच्च्यात पडून होती, कारण तिच्यावर शिक्का मारायचा तर दीपमालानेच मारायला हवा होता, आणि स्वतःच्या पोरीला स्वतःच पहिला नंबर देण्याइतकी ती निलाजरी नव्हती. कुणी ती धड वाचली असेल असंही तिला वाटत नव्हतं.

म्हणून तिने ठरवलं होतं की आता पुरे. पंचकी अश्वजितच्या हाती द्यायची आणि मग ग्रुपवर सांगायचं की टिटवी म्हणजे मीच, आता अश्वजितने ठरवावं. ती गोष्ट पक्की झाली, की खारोबा एकटा बुडाला असं पुन्हा कुणाला लिहिता येणार नव्हतं. या सगळ्या उठाठेवीतून दीपमालाला एवढं एकच हवं होतं.

अश्वजित मलकापुरातच स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये इतिहास शिकवायचा. पोरगा हुशार, नियमाला पक्का, आणि पुराव्याशिवाय पाणी न पिणारा. पंच व्हायला तयार होता, पण एका अटीवर.

"ताई, खारोबाचं भिजत घोंगडं माह्या गळ्यात टाकू नका," तो लॅबमध्ये येऊन म्हणाला. "अर्धे म्हनतात बुडाला, अर्धे म्हनतात तरला. मी काही ठरवलं तरी अर्धा ग्रुप माह्यावर धावून येईन. हिंमतराव आहेत ना अजून लोनारले? त्याह्यलेच विचारू."

"ते फोन उचलत नाहीत रे."

"मंग जाऊ. एस्ट्या काऊन चालतात?"

दीपमालाला नाही म्हणता येईना. पण हिंमतराव बुडाला म्हणाले तर टिटवी गेली, तरला म्हणाले तरी गेली.

रविवारी दोघं निघाले. मोताळा, घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि दीपमाला खिडकीला डोकं टेकून झोपायचा प्रयत्न करत होती. अश्वजित वाटेत प्रश्न तयार करत होता. ती डोळे मिटून त्यांना हूं हूं करत गेली.

हिंमतरावांचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. दारात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मलकापूरहून आलो, तळातल्या गावाची माणसं, असं सांगितल्यावर त्या घाईने उठल्या, आणि आनंद होण्याऐवजी त्यांच्या चेहऱ्यावर धास्ती उमटली.

"या ना, बसा. पन त्याह्यले लय इचारू नका. थकले आता."

हिंमतराव पलंगावर उशीला टेकून बसले होते. शरीर वाळलेलं, डोळे मात्र प्रवासी मोजणाऱ्या कंडक्टरचे. अश्वजितने पाया पडून मोबाइल पुढे धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तयार केलेले सगळे प्रश्न विसरून एकदम विचारलं, "सर, खारोबाचं काय झालं?"

"काय होते? खाली गेला," हिंमतराव म्हणाले.

दीपमालाने डोळे मिटून घेतले. गेली टिटवी.

"म्हनजे बुडाला?"

"बुडाला काऊन म्हनतो बे? खाली गेला म्हनलं मी." म्हातारबा उशीवरून पुढे सरकले. "होडीत पानी भरलं. यानं उपसलंच नाही. हात जोडून बसला. खालच्या बायाह्यनं वर पाह्यलं, तं आभायातून होडी खाली येऊन राह्यली. मंग आल्या सगळ्या धावत. जिले जिले यानं सोडलं होतं, ते ते आली. पदर पसरले अन् झेललं त्याले. अल्लद. वर चप्पल राह्यली तरंगत. डावी."

अश्वजितच्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द दीपमालाचे होते. ते 'अल्लद' सुद्धा तिचंच, बाबांच्या तोंडचं, त्यांच्याखेरीज तिने कुणाकडून फारसं ऐकलेलं नव्हतं.

"चहा ठेवतो," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि दीपमालाकडे न पाहता पुढे बोलल्या, "बाई, तुमी या बरं जराक मदतीले."

स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटून घेतलं. गॅस पेटवलाच नाही.

"तुमचं तोंड पाह्यलं मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमाले समजलं. ते त्याह्यचं नाही."

दीपमालाने मान हलवली.

"नातीनं तुमचा ग्रुप मोबाइलमंदी लावून देल्ला. दुपारी मी वाचून दाखोतो. सगळ्याह्यचं वाचतो. आता गंमत पाहा, त्याह्यनं सोता लिहिलेलं वाचलं तं म्हनतात, बंद कर, कोन असं फाल्तू लिहिते. अन् हे पदराचं वाचलं, तं रडले. म्हने, सत्यभामा, हे मी लिहिलं होतं ना? कवा लिहिलं, आठोत नाही. मी हाव म्हनलं. काय म्हनू? त्या दिवशी पोटभर जेवले." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आता रोज तेच वाचा लागते. कोन्या टिटवीनं लिहिलं आहे. तुमाले माहीत असंन तं तिले सांगजा, मी मागतल्याबिगर घेतलं म्हना. पाप झालं."

"मीच आहे ते," दीपमाला म्हणाली. हे वाक्य ती जन्मात पहिल्यांदा कुणासमोर बोलत होती. "टिटवी मीच आहे, काकू."

सत्यभामाबाई खाली बसल्या. त्यांनी दीपमालाचा हात धरला. मग म्हणाल्या, "मंग तुमचं तुमी घेऊन जा. मी नाही म्हननार नाही. बाहीर जाऊन सांगा, माह्यं आहे म्हना. त्याह्यले मी समजावतो."

एवढं सरळ सोडून दिल्यावर माणूस जास्तच अडकतो. दीपमालाला राग आला. म्हातारीचा नाही, म्हाताऱ्याचाही नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी तोलल्या, आपली एक कोपऱ्यात ठेवली, आणि ती नेमकी अशा जागी सापडावी जिथून उचलायची तर कुणाच्या तरी तोंडचा घास काढायला लागावा, याचा राग. तिने स्वतःच गॅस पेटवला, चहा केला, आणि कप घेऊन बाहेर आली. सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

हिंमतराव तिला पाहून हसले. "पोरी, बस. या पोराले सांगून राह्यलो. जिंदगीभर तिकिटं फाडली अन् रद्दी लिहिली. एक गोष्ट जमली. बस, एकच."

तिने कप त्यांच्यापुढे धरला. सांगायचं ते ओठांवर होतं, पण बाहेर आलं ते वेगळंच.

"चप्पल काऊन ठेवली काका वर? ते कशी काय सुचली तुमाले?"

खरं तर हा प्रश्न तिने त्यांना अडकवायला विचारला होता. याचं उत्तर फक्त तिच्याकडे होतं.

हिंमतराव तिच्याकडे असे पाहत राहिले, जणू एखादा येडपट प्रवासी चालू गाडीला हात दाखवतोय. "त्यात सुचाचं काय? मानूस घरात गेला. घरात जातानी चप्पल भाईर नाही काढत आपन?"

"पण एकच?"

"दुसरी असंन तिथंच, उंबऱ्यापाशी."

दीपमाला खुर्चीवर बसली. बाभळीच्या मुळांतली ती चप्पल तिने मनात हजार वेळा पाहिली होती, आणि दर वेळी तिला पाय सुटलेला, धडपडणारा माणूस दिसला होता. चप्पल काढून कुणाच्या घरात शिरणारे बाबा तिला कधी दिसले नव्हते. आपण लिहिलं, पण आपल्याला ते कळलं नव्हतं, हे तिला तिथे कळलं. तिने बशीत चहा ओतून हिंमतरावांना पाजला आणि काही सांगितलं नाही. निघताना सत्यभामाबाईंनी तिच्या पिशवीत तुरीच्या शेंगा कोंबल्या.

परतीच्या गाडीत अश्वजित नुसता उडत होता. मेहकरला गाडी थांबल्यावर त्याने रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. बुडालेवाले आणि तरलेवाले दोघेही एका क्षणात गार झाले. लोक रडके चेहरे, हात जोडलेले, फुलं, काय काय टाकत होते. दीपमालाने खाली लिहिलं, "हिंमतरावांचा शब्द. पक्की." अंगठा दाबताना तिला बरं वाटलं. आता कुणी काही लिहो, खारोबाला झेलायला बाया होत्या.

ते बरं वाटणं चिखलीपर्यंत टिकलं. चिखलीला उत्तमरावांचा आवाजातला संदेश आला. अडत्याची नजर ती, सरकी मोजून घेणारी. "दीपमालाताई, हे मी वाचेल आहे. टिटवी नावाच्या कोन्या मानसानं शब्दाले शब्द हेच टाकेल आहे, दोन वर्साआधी. म्हनजे त्याह्यच्या घरातले कागद कोनीतरी चोरले. म्हाताऱ्या मानसाचं चोरलं हो! तुमी पंच आहात. काय करता?"

ग्रुप पेटला. टिटवी चोर, टिटवीला हाकला, टिटवी आहे तरी कोण, पोलिसात द्या. अश्वजितने जुनी गोष्ट उघडून वाचली आणि त्याचा चेहरा काळवंडला. "ताई, खरंच आहे. अल्लद हा शब्दसुद्धा उचलला हरामखोरानं."

दीपमालाने लिहून पाहिलं, "कदाचित हिंमतरावांच्या तोंडून ऐकली असेल."

"मंग त्याह्यचं नाव काऊन नाही टाकलं?" उत्तमराव तयारच होते.

यावर उत्तर एकच होतं आणि ते दिलं तर रेकॉर्डिंगमधला म्हातारा सगळ्या ग्रुपसमोर उघडा पडत होता. जो उद्या दुपारी पुन्हा ती गोष्ट ऐकून पोटभर जेवणार होता. नियम तर तिनेच आजवर सगळ्यांना लावला होता. शेगावच्या एका पोराचं नाव याच नियमाने काढताना त्याने किती विनवण्या केल्या होत्या, ते तिला आठवलं.

बुलढाणा मागे पडलं. गाडी घाटाला लागली, बाहेर दिवस कलत होता. अश्वजित हळूच म्हणाला, "तुमी थकल्या ताई. द्या मोबाइल, मी काढतो त्याचं नाव."

"नाही," ती म्हणाली. "शेवटचं आहे. मीच काढते."

तिने टिटवीची गोष्ट पुसली. खरंच पुसायची का, असं मोबाइलने विचारलं, तिने हो म्हटलं. मग नाव काढलं. मग लिहिलं, "टिटवीने दुसऱ्याची गोष्ट आपल्या नावावर टाकली. नियमाप्रमाणे नाव काढलं आहे. आजपासून पंच अश्वजित." लोकांनी अंगठे उचलले, उत्तमरावांनी हात जोडले.

अश्वजितने मोबाइल खिशात ठेवला. त्याला तिच्याबद्दल फार आदर वाटत होता आणि तो कसा दाखवावा ते सुचत नव्हतं.

"ताई, आता तुमी सुटल्या," तो म्हणाला. "आता नियम नाही तुमाले. इतक्या वर्सात तुमी एक ओळ लिहिली नाही. आता लिहा ना काहीतरी सोताचं. मी पहिला वाचीन."

दीपमालाने खिडकीकडे तोंड केलं, पण रडू आवरेना. खांदे हलायला लागले. अश्वजित घाबरला.

"ताई, घाट लागला काय? उलटी होऊन राह्यली काय?"

"हाव," ती म्हणाली. "घाट लागला."

त्याने घाईघाईने खिडकीची काच सरकवून दिली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली.